गहिनीनाथ शेक्रेटरींचा पोर्तुगालातला आठवा हिस्सा

गहिनीनाथ एकतीस वर्षं गावच्या सेवा सोसायटीचे सचिव होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकट्याने कुठलीही गोष्ट केली नाही. सकाळी फिरायला निघाले तरी कोरम पूर्ण होईपर्यंत वेशीत थांबायचे. शर्टाचं कापड घ्यायचं तर तीन दुकानांतून दरपत्रकं मागवायचे. त्यांच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांनी समोर उभ्या असलेल्या मनकर्णाकाकूंकडे बघण्याआधी वऱ्हाडाकडे बघितलं, कुणाची हरकत तर नाही ना म्हणून. असं त्यांचे मित्र सांगतात, आणि काकू ते नाकारत नाहीत.

शिरूर कासारपासून आठेक किलोमीटरवर त्यांचं गाव. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गाव अजून त्यांना शेक्रेटरीच म्हणतं. काकूसुद्धा रागात असल्या की 'शेक्रेटरी' म्हणतात, आणि फार रागात असल्या की 'माननीय शेक्रेटरी'.

तर झालं असं, की नव्या रस्त्यात शेक्रेटरींची माळावरची जमीन गेली. त्या जमिनीत तीन पिढ्यांना कुसळाशिवाय काही उगवलेलं दिसलं नव्हतं, पण मोबदला मात्र टरारून आला. गावाने सल्ल्यांची रास घातली. कुणी म्हणालं बीडला प्लॉट घ्या, कुणी म्हणालं मंगल कार्यालय बांधा. अशात एके दिवशी संभाजीनगरहून एका मुलीचा गोड आवाजात फोन आला. मोठ्या हॉटेलात परदेशातल्या घरांविषयी माहितीचा कार्यक्रम होता आणि नंतर जेवण होतं. शेक्रेटरी परदेशासाठी गेले नाहीत. जेवणासाठी गेले. सोबत पुतण्या जालिंदरला घेतलं. जालिंदर दिंद्रुडच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. वय पन्नास, इंग्रजी बरं, भूक उत्तम.

कार्यक्रमात टाय लावलेल्या माणसाने पडद्यावर एक घर दाखवलं. पोर्तुगालमध्ये, समुद्राकाठच्या टेकडीवर, पांढरंशुभ्र. तो म्हणाला, "एकट्याला एवढं घर परवडत नाही. म्हणून आठ जणांनी मिळून घ्यायचं. प्रत्येकाचा आठवा हिस्सा. वर्षातले साडेसहा आठवडे प्रत्येकाने राहायचं, पाळीपाळीने. देखभाल सगळ्यांची मिळून. मोठे निर्णय मतदानाने. वर्षातून एक सभा."

हॉलमधले बाकीचे लोक पनीरच्या वासाकडे नाक लावून बसले होते. शेक्रेटरींच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"जालिंदर, आरं ह्यो तर सहकार हाय!"

"काका, ही गुंतवणूक हाय."

"आठ सभासद, एक मालमत्ता, पाळ्या, मतदान, वार्षिक सभा. ह्याला दुसरं काय म्हनत्यात? आपली नारळाची विहीर आठवती का तुला? तिच्यातबी आठच हिस्सेदार हायेत."

"त्या विहिरीवरून तीन खटले चालू हायेत, काका."

"ते चालायचंच. सहकार हाय म्हनल्यावर."

मग शेक्रेटरींनी उभं राहून प्रश्न विचारले. पोटनियम कुठायत? कोरम किती? लेखापरीक्षण कोण करतं? सभेची नोटीस किती दिवस आधी निघते? टायवाल्याला इतका घाम फुटला की त्याने त्यांना सरकारी माणूस समजून दुसऱ्यांदा गुलाबजाम आणून दिले आणि नव्वद पानांचं नियमांचं पुस्तक हातात ठेवलं.

ते पुस्तक जालिंदरने तीन रविवार खर्चून मराठीत समजावून सांगितलं. फायदे होते. परदेशात घर, आणि छप्पर गळलं तर आठ जण मिळून दुरुस्त करणार. आपण नसताना झाडलोट व्हायची. तोटेही होते. भिंतीला आपल्या मनाचा रंग देता येत नाही. खिळा मारायचा तरी कळवावं लागतं. आपलं सामान ठेवायला फक्त एक कपाट, तेही कुलपाचं. हिस्सा विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक मिळणं कठीण. आणि प्रत्येक हिश्श्याला एक मत. ज्याचे हिस्से जास्त, त्याची मतं जास्त.

या शेवटच्या कलमावर शेक्रेटरी अडले. "माणूस एक, मत एक. चार हिस्से घेतले म्हनून चार हात वर करायचे व्हय? ह्ये सहकारात बसत न्हाई." आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

ते उघडलं मनकर्णाकाकूंनी. त्या चहा घेऊन आल्या होत्या. पुस्तकाच्या मधल्या रंगीत पानावर न्हाणीघराचा फोटो होता. पांढरा, लांबलचक, बैलांच्या हौदाएवढा टब. काठोकाठ भरलेला. मागे खिडकी, खिडकीत समुद्र.

"ह्ये काय हाय?"

"टब हाय, काकू. आंघोळीचा," जालिंदर म्हणाला.

"समदा भरत्यात?"

"समदा."

"आन् मग?"

"मग त्यात बसत्यात."

"बसून?"

"काय न्हाई. बसत्यात नुसतं."

काकूंनी चहा खाली ठेवला आणि पुस्तक जवळ ओढलं. त्यांचं माहेर ऊसतोडीचं. लहानपणी आईबापासोबत कारखान्यावर जायच्या, तिथे खोपीमागे दोन तांब्यांत आंघोळ. लग्न होऊन या गावात आल्या, इथे उन्हाळा लागला की टँकर. पन्नास वर्षांत त्यांची एकही आंघोळ अशी झाली नव्हती, जिचा शेवटचा तांब्या किती दूर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मला ह्यात बसायचंय," त्या म्हणाल्या. "एकदा. किती पानी घेतलं ते न मोजता."

शेक्रेटरींनी आयुष्यात पहिल्यांदा ठराव न मांडता सही केली. पाळ्यांची सोडत निघाली. पहिली पाळी पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात आली. काकूंनी ते रंगीत पान पुस्तकातून अलगद काढलं आणि लुगड्यांच्या पेटीत ठेवलं.

गावात ही बातमी उत्तरेश्वरच्या हॉटेलात फुटली. उत्तरेश्वर म्हणजे शेक्रेटरींचा बालमित्र आणि सोसायटीच्या राजकारणातला जन्माचा विरोधक.

"काय शेक्रेटरी, आठवा हिस्सा म्हंजी नेमका कुटला? दार का मोरी?"

"समद्या घराचा आठवा."

"आसं कसं? विहिरीत माझे दोन आणे हायेत, तर माझी मोटर कोनत्या दगडावर बसती ते मला ठावं हाय. तुझी वीट कोनती?"

कोपऱ्यात बसलेल्या धुळाजीने बशी खाली ठेवली. "तितं शेळी बांधता येती का?"

"न्हाई."

"कडबा ठिवता येतो का?"

"न्हाई."

"आन् खिळाबी मारायचा न्हाई?" धुळाजी उत्तरेश्वरकडे वळला. "मग हे घर कसलं बे? हे तर सासुरवाडी झाली."

"मोजणी तरी आणली का?" उत्तरेश्वर म्हणाला. "चतुःसीमा काय हायेत?"

हा प्रश्न मात्र शेक्रेटरींच्या वर्मी लागला. चतुःसीमा न बघता जमीन घेतली हे त्यांच्या कारकिर्दीला शोभणारं नव्हतं. जालिंदरकडून त्यांनी कंपनीला पत्र लिहवून घेतलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. उत्तरेला रस्ता, दक्षिणेला रिकामी जागा, पूर्वेला एका विधवा बाईचं घर, पश्चिमेला अटलांटिक महासागर. शेक्रेटरींनी ते उत्तर हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "पश्चिमंच्या बांधावरून भांडण हुनार न्हाई. समुद्र बांध कोरत न्हाई."

"मुंबईला जाऊन बघ, कोरतो का न्हाई ते," उत्तरेश्वर म्हणाला.

त्या वर्षी पाऊस पोळ्यापर्यंत आलाच नाही, आणि पोळ्यानंतर आला तो तोंड दाखवून गेला. फाल्गुनात बोअर कोरडं पडलं. चैत्रात टँकर सुरू झाला, आठ दिवसांतून एकदा, आणि तोही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. काकू दाराशी चार पिंपं मांडून बसायच्या आणि दुपारी पेटी उघडून ते पान बघायच्या. भाद्रपद पाच महिने लांब होता. मग चार झाला.

आणि मे महिन्यात नोटीस आली.

बेल्जियममधल्या एका दातांच्या डॉक्टरने त्या घराचे तीन हिस्से घेतले होते. आता त्याने ठराव मांडला होता, की शेजारच्या हॉटेलाला सगळं घर विकून टाकावं. आठपैकी पाच मतं पडली की घर गेलं. सभा पंधरा दिवसांनी, कॉम्प्युटरवरून.

"म्हंजी भाद्रपदाच्या आदीच इकनार?" काकूंनी विचारलं.

"आदीच," जालिंदर म्हणाला.

काकू उठल्या आणि पिंपांवरची फडकी नीट करायला लागल्या. ती आधीच नीट होती.

शेक्रेटरी मात्र सहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. त्यांनी चष्मा पुसला, मांडी घातली आणि म्हणाले, "मतं सांग."

"विरोधकाची तीन. आपलं एक. मोकळी चार. हॉलंडच्या अ‍ॅनेका बाई, निवृत्त शिक्षिका. आयर्लंडचे डेक्लन, निवृत्त पोस्टमन. फिनलंडचं एक म्हातारं जोडपं, एइनो आन् हेल्मी, दोघांचं मिळून एक मत."

"नवराबायकोत एक मत?" काकू म्हणाल्या. "म्हंजी एक कोयता." उसाच्या तोडीला नवराबायकोची जोडी एक कोयता म्हणूनच मोजतात, त्यामुळे फिनलंडचं जोडपं काकूंना लगेच आपलं वाटलं.

"आन् चौथी सिंगापूरची बाई. ती मेलला उत्तर देत न्हाई."

"तिला विरोधात धर. उरलेली तिन्ही आपल्याला पायजेत. एक जरी फुटलं तर घर गेलं."

"मी तिघांना छान मेल लिहितो, काका. समदी कारणं पटवून."

शेक्रेटरींनी पुतण्याकडे करुणेने बघितलं. "मेलवर कुटं निवडनूक जिंकत्यात व्हय? सहलीवर न्यायचं."

आता ही सहल म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. संस्थेत अध्यक्ष निवडायचा असला की मतदानाआधी आठ दिवस आपल्या बाजूचे संचालक गाडीत घालायचे, त्यांचे फोन पिशवीत गोळा करायचे, कुठेतरी अज्ञात स्थळी नेऊन खाऊ घालायचं आणि थेट मतदानाला उतरवायचं. शेक्रेटरींनी अशा अकरा सहली काढल्या होत्या आणि एकही संचालक वाटेत सांडला नव्हता.

"पन न्यायचं कुटं, काका? गोवा त्यांना काय नवं न्हाई."

"अशा ठिकानी, जितं त्या दातवाल्याला हुडकायचं सुचनारच न्हाई." शेक्रेटरींनी खिडकीबाहेर हात केला. "आपल्या तालुक्याएवढं अज्ञात स्थळ जगात दुसरं हाय का?"

'सभासद सदिच्छा भेट, राहणे-खाणे आमच्याकडे' असं निमंत्रण गेलं. तिन्हीकडून होकार आले. निवृत्त माणसं जगात कुठलीही असोत, फुकट जेवणाचं निमंत्रण ती शेवटपर्यंत वाचतात.

चार पाहुणे भर मे महिन्यात बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा उन्हाने डांबर मऊ झालं होतं. शेक्रेटरींनी हार घातले आणि पाठोपाठ ज्वारीची रिकामी पिशवी पुढे केली. "फोन."

जालिंदरला याचं भाषांतर कसं करावं कळेना. पण अ‍ॅनेका बाईंनी टाळ्याच वाजवल्या. त्यांच्या देशात म्हणे फोन काढून घेणाऱ्या शिबिरांना लोक रांगा लावून जातात. त्यांनी स्वतःचा फोन तर टाकलाच, वर चार्जरही टाकला.

डेक्लन आजोबांना दोन दिवसांत सगळं गाव पाठ झालं. चाळीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस, घर दिसलं की आत कोण राहतं ते विचारल्याशिवाय पुढे जात नव्हता. तिसऱ्या दिवशी तो धुळाजीच्या दारात थांबून नावाने हाक मारायला लागला. ठेचा खाऊन तो रडला आणि रडत रडत आणखी मागितला. हे मत पक्कं झालं असं शेक्रेटरींनी मानलं.

एइनो आजोबांचं वेगळंच. पहिल्या दुपारी सगळे लिंबाखाली पडले, तर ते गायब. शोधलं तर मागच्या पत्र्याच्या खोलीत, दार लावून, सदरा काढून बसलेले. आत जनावरसुद्धा टिकत नव्हतं. चेहरा लाल, अंगातून घामाच्या धारा, आणि तोंडावर समाधान.

जालिंदर बाहेर आला. "ते म्हनतेत, आमच्याकडं अशी खोली लाकडं जाळून तापवावी लागती. तुमच्याकडं फुकट! फक्त एक कमी हाय म्हनतेत. चार दगड आन् एक लोटा पानी पायजे."

"पानी कशाला?" काकूंनी विचारलं.

"तापल्या दगडावर वतायला."

काकूंच्या हातातला चमचा थांबला. "दगडावर?"

"वाफ हुती म्हनतेत."

"त्यांना सांग, दगडाला तहान लागली तर लोटा द्यीन. तवर माणसं हायेत प्यायला."

हे भाषांतर ऐकून एइनो आजोबांनी मान डोलावली आणि वाफेविना बसायचं कबूल केलं. त्यानंतर ते रोज दुपारी बारा ते दोन त्या खोलीत बसायचे आणि गावातली माणसं खिडकीतून त्यांना बघायला यायची. उत्तरेश्वरने तिथे चहा विकायला सुरुवात केली.

पाचव्या दिवशी शेक्रेटरींनी सगळ्यांना जीपमध्ये घालून लिंबागणेशला नेलं. सहलीत हा विधी मोडत नाहीत. गणपतीसमोर नारळावर हात ठेवायचा आणि मत देणार म्हणून शपथ घ्यायची. अ‍ॅनेका बाईंनी डोळे मिटून हात ठेवला. डेक्लन आजोबांनी दोन्ही हात ठेवले. एइनो आजोबांनी हात मागे घेतला.

ते हळू आवाजात काहीतरी म्हणाले. जालिंदरचा चेहरा पडला. "ते म्हनतेत, मी खोटी शपथ घेनार न्हाई. आम्ही म्हातारे झालो. त्या घराचा जिना चढवत न्हाई. डॉक्टरचा ठराव आमच्या सोयीचा हाय. आम्ही इकायच्या बाजूनं मत देनार."

सगळे जीपमध्ये बसून परत निघाले. शेक्रेटरींनी अर्ध्या वाटेत उपाध्यक्षपद देऊ केलं. चिंचेच्या झाडापाशी आले तेव्हा उपाध्यक्षपद आणि भिंतींच्या रंगाची उपसमिती देऊ केली. एइनो आजोबांनी नम्रपणे नाही म्हटलं. घरी आमरस झाला, पुरणपोळी झाली, धिरडी झाली. आजोबांनी सगळं खाल्लं आणि नाहीच म्हटलं. "आमच्याकडं असा संचालक आसता तर सोसायटी बुडाली असती," शेक्रेटरी जालिंदरला म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "का तरली असती, कुनाला ठावं."

सभेच्या दिवशी सकाळी हेल्मी आजी पिंपांपाशी आल्या. काकू रोज पहाटे चौघा पाहुण्यांसाठी एकेक बादली भरून न्हाणीत ठेवायच्या. हेल्मी आजींनी बादल्यांकडे बघितलं, पिंपांत डोकावून बघितलं आणि जालिंदरला हाक मारली.

"ह्या इचारतेत, काकू, तुमी आंघोळ कवा करता? आम्ही आल्यापासून तुमाला आत जाताना बघितलं न्हाई."

"टँकर आला की."

"टँकर कवा येनार?"

"परवा यायचा व्हता."

जालिंदरने हे भाषांतर जरा गोल करून सांगितलं. हेल्मी आजींना ते गोल वाटलं नसावं. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. इतक्या दूरचं ते घर तुम्हाला कशाला हवं आहे?

काकू आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. रंगीत पान घेऊन त्या बाहेर आल्या आणि टबावर बोट ठेवलं.

"हिला सांग, मला ह्यात बसायचंय. एकदा, न मोजता. मग इका न्हाई तर पाडा."

हेल्मी आजींनी ते पान हातात घेतलं, नीट बघितलं आणि परत दिलं. मग त्या सरळ पत्र्याच्या खोलीकडे चालत गेल्या. एइनो आजोबा आज लवकरच जाऊन बसले होते. दार उघडलं, चार वाक्यं ऐकू आली, दार लागलं. बायको नवऱ्याला बोलत असली की फिनलंडची भाषासुद्धा शब्दन् शब्द समजते, हे जालिंदरला त्या दिवशी कळलं. एइनो आजोबा बाहेर आले ते सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावत.

सभा सोसायटीच्या कार्यालयात भरली. जालिंदरचा लॅपटॉप खताच्या दोन पोत्यांवर ठेवला. वीज गेली तर असू द्यावी म्हणून उत्तरेश्वरने ट्रॅक्टरची बॅटरी आणली. विरोधक असला तरी गावची निवडणूक होती. पडद्यावर दातांचे डॉक्टर आले. एकाच बाकावर आपले चार सभासद, मध्ये फेटा बांधलेले शेक्रेटरी आणि मागच्या खिडकीत पंचवीस डोकी बघून त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"तुम्ही सगळे आहात कुठे? आठ दिवस कुणाचाच फोन लागत नाही!"

"सांगू नका कुनी!" शेक्रेटरी सवयीने ओरडले.

मतं मोजली. डॉक्टरांची तीन. सिंगापूरच्या बाई अचानक उगवल्या आणि विक्रीच्या बाजूने बोलून मावळल्या. चार झाली. आता बाकाची पाळी. अ‍ॅनेका बाई, विरोधात. डेक्लन आजोबा, विरोधात. शेक्रेटरी, विरोधात. एइनो आजोबांनी हेल्मी आजींकडे बघितलं. हेल्मी आजी समोर बघत होत्या. विरोधात.

चार विरुद्ध चार. पाच झाली नाहीत. ठराव पडला.

बाहेर हलगी कडाडली. गुलालाची पहिली मूठ उत्तरेश्वरनेच उधळली. बेल्जियमला फक्त गुलाबी पडदा दिसला आणि आवाज ऐकू आला. त्याच गोंधळात शेक्रेटरींनी 'गृह व्यवस्थापन समिती'चं अध्यक्षपद स्वतःच मांडलं, अ‍ॅनेका बाईंनी अनुमोदन दिलं, आणि पलीकडून डॉक्टर जे "हॅलो, हॅलो" म्हणत होते ते शेक्रेटरींनी इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं लिहून घेतलं. पोटनियमांत असं पद नव्हतं. पण पद नाही म्हणून अध्यक्ष नाही, असं आपल्याकडे कधी झालेलं नाही.

भाद्रपदात दोघं पोर्तुगालला पोचले. घराची देखभाल करणारी लुर्देस नावाची बाई किल्ली घेऊन उभी होती. अध्यक्ष आल्याचं तिला कुणी कळवलेलं नव्हतं. शेक्रेटरी पश्चिमेची हद्द बघायला गच्चीवर गेले. काकूंनी घर बघितलं नाही, समुद्र बघितला नाही. शिकेकाईची पुडी आणि टॉवेल घेऊन त्या न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी लावली.

नळ सुटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला. शेक्रेटरी खाली आले तरी येत होता. मग थांबला आणि मग काहीच आवाज येईना.

अर्ध्या तासाने त्यांनी दार वाजवलं. "झालं का?"

"न्हाई."

तासाने पुन्हा वाजवलं. "अगं, बरी हायस ना?"

"बरी हाय."

"करतीस काय?"

"बसलेय."

दीड तास झाला. "आतून काय दिसतंय?"

"डोळे मिटलेत," काकू आतून म्हणाल्या. "तुमी जरा तिकडं सभा घ्या बरं कुनाची तरी."

अडीच तासांनी दार उघडलं. काकू बाहेर आल्या. बोटं सुरकुतलेली, केस ओले, आणि चेहरा असा की शेक्रेटरींनी अंतरपाटानंतर जे करायचं राहून गेलं होतं ते आत्ता केलं, म्हणजे नुसतं बघत राहिले. मग सवयीप्रमाणे कामाला लागले. आत गेले आणि टबातलं पाणी सोडायला बूच धरलं.

"हात लावू नका!"

"का गं?"

"एवढं पानी मोरीत सोडता? शुद्धीवर हाव का? भाईर दोन झाडं वाळायला लागलीत, म्या येतानाच बघितलं. बादली आना."

तर पोर्तुगालमध्ये त्या संध्याकाळी लुर्देसने पाहिलं ते असं. समितीचे अध्यक्ष, लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचून, दोन मजल्यांचा जिना बादली घेऊन उतरताहेत, झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतताहेत आणि परत वर जाताहेत. वरच्या खिडकीत त्यांच्या पत्नी, डोक्याला टॉवेल गुंडाळून, बोट वर करून काहीतरी म्हणताहेत.

"सतरा!"

शेक्रेटरी जिन्याखाली धापा टाकत थांबले. "मोजतीस कावून? तुला न मोजता पायजे व्हतं ना?"

"आत घेताना मोजलं न्हाई. भाईर काढताना मोजलं तर तुमाला काय त्रास हाय? चला, माननीय. अजून निम्माबी झाला न्हाई."

एकोणिसाव्या बादलीला त्यांचा पाय घसरला आणि अर्धं पाणी पायऱ्यांवर सांडलं. त्यांनी वर बघितलं. खिडकीत बोट खाली गेलं होतं.

"ती धरायची न्हाई!" काकू म्हणाल्या.